खड्डा बुजण्याआधी

पश्चिम मिशिगनच्या खेड्यांतून जाताना पत्र्याचं एखादं लांबरुंद कोठार सतत नजरेस पडतं. इथे त्याला ‘पोल बार्न’ म्हणतात. १९३०च्या दशकात, शेतीची गोदामं कमी खर्चात उभी राहावीत म्हणून हॉवर्ड डोन आणि बर्नन पर्किन्स यांनी ही पद्धत विकसित केली. सलग पाया खणायचा नाही, भार पेलणारी भिंत बांधायची नाही. लाकडी खांब थेट जमिनीत पुरायचे आणि सगळी इमारत त्यांच्यावर तोलायची. आता लोक गॅरेज असंच बांधतात, काहीजण राहतं घरसुद्धा.

शेजाऱ्यांचं गॅरेज उभं राहत होतं तेव्हा मला जमेल तेव्हा मी तिथे जाऊन उभा राहायचो. माप २४ फूट बाय ३२ फूट, खांब आठ-आठ फुटांवर. खुंट्या ठोकून दोऱ्या ताणल्या आणि मुकादमाने दोन्ही कर्ण मोजले. दोन्ही बरोबर ४० फूट भरले. आपला गवंडी गुण्या तपासायला तीन-चार-पाचचा जो हिशेब करतो, तोच हा, आठपट मोठा.

खोदण्याआधी ८११ या क्रमांकावर कळवावं लागतं. मग जमिनीवर रेघा उमटतात: विजेची लाल, गॅसची पिवळी, पाण्याची निळी. त्यानंतरच यंत्राला लावलेलं भलंमोठं गिरमिट मातीत उतरतं.

माझ्या मते सगळं घर इथेच ठरतं. हिवाळ्यात इथली जमीन गोठते. ओली माती गोठून फुगली की वरवरचा पाया उचलला जातो, दारं अडकू लागतात. म्हणून मिशिगनच्या नियमानुसार पाया किमान ४२ इंच खोल हवा. इथे ४८ इंच खणले होते. पण नुसती खोली पुरत नाही. गिरमिट वर आलं की तळाशी भुसभुशीत माती उरते आणि तिच्यावर काँक्रीट ओतलं तर खांब पुढे खचतो. एक तरुण कामगार प्रत्येक खड्ड्याचा तळ लांब दांड्याच्या हत्याराने उपसत होता, मग धुमसत होता. त्या कामाकडे कोणाचं लक्ष नव्हतं, आणि सगळ्यात मोलाचं तेच होतं. तपासनीस आला, टेप सोडून पाहिली, सही केली. मगच काँक्रीट पडलं.

खांब तीन फळ्या एकत्र ठोकून केलेले होते. जमिनीत जाणारा भाग औषध मुरवलेला, वरचा साधा. लाकूड अगदी तळाशी फारसं कुजत नाही. ते कुजतं जमिनीच्या पातळीला, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. आपल्या वाड्यांचे खांब म्हणूनच दगडी तळखड्यावर उभे असत आणि वरच्या भाराने जागेवर राहत. इथे छप्पर हलकं, त्यामुळे वारा इमारत वर खेचतो. तो जोर रोखायला खांबाच्या बुडाला आडवे ठोकळे बसवून मग माती थराथराने ठोकून भरतात.

पुढचं काम झपाट्याने होतं: आडव्या पट्ट्या, कैच्या, रिपा, रबरी चकतीच्या स्क्रूंनी पक्के केलेले पत्रे. जमिनीचा चार इंची काँक्रीट थर सगळ्यात शेवटी, छपराच्या आडोशाला.

तिथे कधीतरी राहायचा विचार असेल, तर तो नकाशा काढतानाच सांगायला हवा. थंडीत घरातली दमट हवा पत्र्याच्या आतल्या बाजूला लागून पाणी ठिबकतं; ओल अडवणारा थर पत्रा चढण्याआधीच घालणं सोपं. राहत्या घराचा परवानाही वेगळा लागतो.

इकडे असं काही बांधायला काढणार असाल, तर पत्र्याचा रंग निवडायला हवा तेवढा वेळ घ्या. पण खड्डे खणले जातील त्या दिवशी मात्र सुट्टी काढून तिथे उभे राहा, आणि सही होईपर्यंत एकही खड्डा बुजू देऊ नका.