सही कशावर केली?

माझा भाचा दम्मामला एसी दुरुस्तीचे काम करतो. गेल्या वर्षी ईद घरी करून तो परत निघाला. कळमनुरीहून हिंगोली, तिथून रेल्वेने पूर्णामार्गे हैदराबाद आणि पुढे विमान. आखातात नोकरीला गेलेली आपल्याकडची बरीच मुले हैदराबादहूनच उडतात. तिकीट दोन महिने आधी काढलेले, विमानतळावर तो साडेतीन तास आधी हजर. तरीही काउंटरवरच्या माणसाने सांगितले, "विमान भरले आहे. तुम्हाला उद्या याच वेळी पाठवतो."

त्याने हुज्जत घातली नाही. एक इंग्रजी फॉर्म पुढे आला, त्यावर सही केली. रात्री हॉटेलची खोली, जेवण आणि २,००० रुपयांचे व्हाउचर मिळाले. व्हाउचर त्याच कंपनीच्या पुढच्या तिकिटाला चालणारे. परतीच्या व्हिसाचे चार दिवस शिल्लक होते म्हणून निभावले. शेवटचा दिवस असता तर नोकरीच गेली असती. इकडे आपा रात्रभर जानमाजवर बसून होती.

मला त्याने फोन केला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, सही कशावर केली? तो म्हणाला, "खाला, उनो बोले सही करो, मैं कर दिया." मी कागदाचा फोटो मागवला. मी उर्दू-मराठीची शिक्षिका, कायद्याची नाही. पण इतके इंग्रजी कळते. तिसऱ्या ओळीत लिहिले होते की प्रवासी स्वखुशीने आपली जागा सोडत आहे.

स्वखुशीने! निकाहात सुद्धा मुलीला आधी विचारतात, महर किती ते सांगतात, साक्षीदार बसवतात, मग तिचा कबूल धरतात. इथे न विचारताच रजामंदी लिहून घेतली. त्या एका शब्दाने काय बिघडले, हे मला नियम वाचल्यावर कळले.

विमान कंपन्या जागांपेक्षा थोडी जास्त तिकिटे विकतात. काही प्रवासी ऐनवेळी येत नाहीत आणि खुर्ची रिकामी जाते, हे त्यांचे गणित. याला ओव्हरबुकिंग म्हणतात आणि आपल्याकडे त्यावर बंदी नाही. बंदी नसली तरी त्याचा भुर्दंड प्रवाशाने सोसायचा नाही, असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा २०१० चा नियम सांगतो. भरपाईची कमाल रक्कम पूर्वी ४,००० रुपये होती, १ ऑगस्ट २०१६ पासून ती वाढवण्यात आली.

तिकीट पक्के असेल आणि तुम्ही वेळेत पोहोचला असाल, तर कंपनीने आधी प्रवाशांमध्ये विचारायचे असते: कोणी आपणहून थांबायला तयार आहे का? जो तयार होईल त्याला काय द्यायचे, ते कंपनी आणि तो प्रवासी यांच्यात ठरते. त्याला कायद्याचा आकडा नाही. कोणी तयार झाले नाही आणि कंपनीने एखाद्याला मर्जीविरुद्ध मागे ठेवले, तर मात्र आकडा ठरलेला आहे. मूळ वेळेपासून एका तासाच्या आत सुटणारे दुसरे विमान दिले तर भरपाई नाही. २४ तासांच्या आतले दिले तर एका बाजूच्या मूळ भाड्याच्या आणि इंधन शुल्काच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशिराचे दिले तर चौपट, कमाल २०,०००. प्रवाशाने दुसरे विमान नाकारले तर तिकिटाचे सगळे पैसे परत आणि वर हीच चौपट भरपाई. व्हाउचर प्रवाशाच्या संमतीनेच देता येते, नाहीतर रोख किंवा बँकेत.

मूळ भाडे म्हणजे तिकिटावरची शेवटची रक्कम नव्हे. कर आणि विमानतळाचे शुल्क वजा करून उरते ते. समजा, हैदराबाद-मुंबई तिकिटात ते इंधनासह ३,५०० आहे. मग २४ तासांच्या आतल्या विमानासाठी भरपाई ७,०००. माझ्या भाच्याचे मूळ भाडे ११,००० च्या वर होते, दुप्पट केले तर २२,०००, पण मर्यादेमुळे त्याचा हक्क १०,००० चा. हाती आले २,००० चे व्हाउचर. एजंटकडून तिकीट काढताना ही फोड छापलेला कागद मागून घ्या. आपल्याकडे बरेच एजंट नुसती हाताने लिहिलेली पावती देतात.

"कोणी तयार आहे का" हा प्रश्न नियमात सहज आलेला नाही. अमेरिकेत १९७२ साली ग्राहकांसाठी लढणारे वकील राल्फ नादर यांना ॲलेगेनी नावाच्या कंपनीने पक्के तिकीट असूनही विमानात घेतले नाही. त्यांना सभेला जायचे होते. त्यांनी दावा लावला आणि तो तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ओव्हरबुकिंग प्रवाशांपासून लपवले याबद्दल कंपनीवर दावा चालू शकतो, असे न्यायालयाने १९७६ मध्ये म्हटले. दोन वर्षांनी तिथल्या सरकारने नियम केला, की आधी स्वेच्छेने थांबणारे शोधा. कल्पना मात्र ज्युलियन सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९६८ मध्येच मांडली होती. तेव्हा विमान कंपन्यांनी ती मनावर घेतली नव्हती.

आपल्याकडेही नियम कागदावरच राहतो असे नाही. जून २०२२ मध्ये डीजीसीएने बंगळुरू, हैदराबाद आणि दिल्लीच्या विमानतळांवर तपासणी केली. प्रवाशांना मागे ठेवून भरपाई न दिल्याबद्दल एअर इंडियाला १० लाखांचा दंड झाला. पण हा दंड सरकारजमा होतो. प्रवाशाला आपले पैसे स्वतःच मागावे लागतात.

आम्ही मागितले. आधी कंपनीला ईमेल केला. उत्तरात त्यांनी त्याच फॉर्मची प्रत जोडली. मग सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाकली. तिथेही तीच प्रत दाखवून कंपनी मोकळी झाली. उरतो तो ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने प्रवासी राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यासाठी हैदराबाद किंवा मुंबई गाठावी लागत नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते आणि दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. ई-जागृती पोर्टलवर ती घरबसल्या दाखल होते. काही अडले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विचारता येते. पण भाचा म्हणतो, "जाने दो खाला, आठ हज़ार के लिए कौन लड़ते बैठे?" मला ते पटलेले नाही. मुदत संपायला अजून अवकाश आहे, म्हणून मी सगळे कागद एका फाइलीत लावून ठेवले आहेत.

उमऱ्याला जाणाऱ्या आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांनाही मी हे सांगते. त्यांची पहिली शंका असते, "आम्हाला इंग्रजी कुठे येते?" येत नसेल तर सही थांबवा. फॉर्मचा फोटो काढून घरी शिकलेल्या मुला-मुलीला पाठवा. का घेतले नाही ते काउंटरवरून लेखी मागा. बोर्डिंग पास, बॅगेचा टॅग, मिळालेले कुपन यांतले काही फेकू नका. आणि उशिरा पोहोचलात किंवा व्हिसात चूक निघाली, तर या नियमाचा आधार मिळत नाही, हेही लक्षात असू द्या. कंपनी परदेशी असेल तर तिच्या देशाचा नियमही पाहावा लागतो.

भाचा आता बकरी ईदला येणार आहे. आपाने माझ्याकडून एका चिठ्ठीवर इंग्रजीत दोन वाक्ये लिहून घेतली आहेत: मी स्वखुशीने जागा सोडत नाही. मला लेखी कारण द्या. ती चिठ्ठी त्याच्या पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवायची, असे तिचे ठरले आहे. मी खाली उर्दूतही अर्थ लिहून दिला.