जालन्याच्या चैत्रातले किडे : नावांचा आणि छायाचित्रांचा मागोवा

जालना जिल्ह्यातला वसंत कोरडा असतो. माघ सरता सरता ज्वारी-हरभऱ्याची काढणी उरकत येते, फाल्गुनात पळस आणि काटेसावर फुलतात, चैत्रात कडुलिंबाला मोहोर येतो. तोवर दुधना, कुंडलिका, गिरजा यांच्या पात्रांत डोहांपुरतेच पाणी उरलेले असते. किड्यांची खरी गर्दी पावसाळ्यात होते, पण वसंतात जे दिसतात ते फुललेले झाड, मोसंबीची कोवळी फूट आणि आटत चाललेले पाणी या मोजक्या जागी एकवटतात. गवत वाळलेले असल्याने आडोसाही उरत नाही. त्यामुळे कॅमेरा घेऊन निघणाऱ्याला हा काळ वाटतो त्याहून फलदायी ठरतो. या जीवांना नावे मिळत गेली ती मात्र वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या हातांनी आणि फार वेगवेगळ्या कारणांनी.

लेखी नोंदींचा धागा मागे नेला तर तो लष्करी छावणीपाशी पोहोचतो. १८०३ साली जिल्ह्याच्या उत्तरेकडील असईला मराठे आणि इंग्रज यांची लढाई झाली. त्यानंतर जालना हे इंग्रजी फौजेचे ठाणे बनले आणि १८३०च्या दशकाच्या उत्तरार्धात टी. सी. जर्डन हा मद्रास सैन्यातला शल्यवैद्य येथे येऊन राहिला. जर्डनची ख्याती पक्ष्यांच्या अभ्यासासाठी आहे आणि त्याच्या पक्षीग्रंथांत जालन्याचा उल्लेख आढळतो. पण १८५१ साली त्याने दक्षिण भारतातल्या मुंग्यांची वर्णनात्मक यादीही प्रसिद्ध केली. उडी मारणारी, मोठ्या डोळ्यांची आणि लांब जबड्यांची हार्पेग्नाथोस साल्टेटर ही मुंगी शास्त्राला त्याच यादीतून माहीत झाली. त्याआधी, १८३५ साली, कर्नल साइक्स याने पुण्याच्या परिसरातल्या धान्य साठवणाऱ्या मुंगीचे वर्णन छापले होते. पावसात भिजलेले गवताचे बी या मुंग्या उन्हात वाळत घालतात, हे त्याने प्रत्यक्ष पाहून लिहिले. दख्खनच्या माळावर ही मुंगी आजही दिसते आणि वारुळाच्या तोंडाशी पडलेला भुशाचा गोल ढीग ही तिची सहज ओळखू येणारी खूण आहे.

त्या काळी ओळख पटवायची म्हणजे किडा मारून टाचणीने टोचायचा आणि मोठ्या संग्रहातल्या नमुन्याशी ताडून पाहायचा. भारतातल्या प्राणिसृष्टीवर इंग्रजीत निघालेल्या ग्रंथमालेत बिंगहॅमचे फुलपाखरांचे खंड १९०५ व १९०७ साली आले आणि फ्रेझरचे चतुर आणि टाचण्या या कीटकांवरचे तीन खंड १९३३ ते १९३६ या काळात. जातींची वर्णने पंखांच्या शिरा, पायांवरचे काटे, शेपटीच्या टोकाचे अवयव यांवर बेतलेली होती. जिवंत किडा कसा बसतो, कशावर जगतो, कोणत्या महिन्यात दिसतो, याला त्यात थोडीच जागा होती.

याचा घोळ ऋतूंच्या बाबतीत विशेष झाला. काही फुलपाखरांची पावसाळी आणि कोरड्या ऋतूतली रूपे इतकी निराळी असतात की ती एकच जात आहे यावर विश्वास बसत नाही. पंखांवर मोराच्या डोळ्यांसारखे ठिपके असलेल्या केशरी जुनोनिया अल्माना या फुलपाखराच्या पावसाळी आणि कोरड्या रूपांना लिनियसने १७५८ साली दोन स्वतंत्र नावे दिली होती. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अळ्या पाळून, एकाच मादीच्या अंड्यांतून दोन्ही रूपे निघतात हे दाखवले गेले, तेव्हा हा गुंता सुटला. जालन्यात वसंतात फोटो काढणाऱ्यासाठी ही बाब कळीची आहे. पुस्तकांतली चित्रे बहुधा ठसठशीत पावसाळी रूपाची असतात. फाल्गुनात समोर येते ते पंखांची खालची बाजू वाळक्या पानासारखी असलेले, ठिपके जवळजवळ पुसलेले रूप.

विसाव्या शतकात जालन्यात किड्यांची ओळख शेतकऱ्याच्या बांधावर रुजली. हा टप्पा निसर्ग छायाचित्रणाच्या इतिहासात सहसा मोजला जात नाही, आणि तो मोजायला हवा. १८ मे १९७२ रोजी परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. बदनापूरचे कृषी संशोधन केंद्र तुरीच्या वाणांसाठी नावाजले आणि जालना शहर बियाणे उद्योगाचे केंद्र बनले. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथेच महिको कंपनी सुरू केली. या सगळ्यातून घाटेअळी, मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी ही नावे घरोघरी गेली. प्रत्येक नावामागे निरीक्षण होते. हरभऱ्याच्या घाट्याला पोखरते ती घाटेअळी, पानावर बारीक उडी मारून तिरका सरकतो तो तुडतुडा. बोंडअळीच्या प्रादुर्भावाने कपाशीचे फूल न उमलता गुलाबकळीसारखे मिटून राहते, त्याला डोमकळी म्हणतात. किडा आत दडलेला असताना त्याची ओळख पटवून देणारा असा शब्द प्राणिशास्त्राच्या कोशात शोधूनही सापडणार नाही.

वसंताशी सर्वांत जवळचे पीक मोसंबी आहे. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आंबे बहार या हंगामातली फुले आणि कोवळी पालवी जानेवारी-फेब्रुवारीत येते आणि तिच्यासोबत पाहुणे येतात. सायला हा जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा किडा डोके खाली व शेपटी वर अशा तिरक्या बैठकीवरून ओळखू येतो. नागअळी पानाच्या आतून चंदेरी नागमोडी रेघ ओढते. काळ्या माशीच्या चिकट स्रावावर वाढणारी काळी बुरशी म्हणजे कोळशी. पानाच्या कडेला पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा तपकिरी-पांढरा ठिपका असतो, तो लिंबाच्या फुलपाखराची लहान अळी. मोठी झाली की ती हिरवीगार होते आणि डिवचली तर डोक्यामागून तांबूस, उग्र वासाचे दुभंगलेले शिंग बाहेर काढते. एकाच जातीची अंडी, विष्ठेसारखी अळी, हिरवी अळी, कोष आणि काळे-पिवळे फुलपाखरू अशी पाचही छायाचित्रे एकाच बागेत, काही आठवड्यांत मिळू शकतात. कीटक छायाचित्रणाची सुरुवात करणाऱ्यासाठी यापेक्षा चांगली शाळा जिल्ह्यात नाही. २०१२-१३च्या दुष्काळात अशा कित्येक बागा वाळून गेल्या आणि त्यांच्यावर जगणाऱ्या किड्यांचे आसरेही गेले.

करडईचीही गोष्ट अशीच आहे. माघात मावा चढला की झाडे काळी पडतात, आणि मागोमाग तो मावा खाणारे ढालकिडे येतात. ढालकिड्याची अळी काटेरी, लांबट, इवल्याशा मगरीसारखी असते. तिला शत्रू समजून फवारणी झाल्याची उदाहरणे गावोगाव ऐकू येतात. मित्रकीड आणि शत्रूकीड यांचे शेजारी-शेजारी छापलेले फोटो हे कृषी विभागाच्या भित्तिपत्रकांचे मोठे योगदान आहे, कारण बऱ्याच जणांनी किड्याचा जवळून घेतलेला फोटो पहिल्यांदा तिथेच पाहिला.

छंद म्हणून कीटकांचे फोटो काढणे मात्र फिल्मच्या काळात अवघड होते. रोलमध्ये ३६ फोटो, जवळून टिपणारी भिंगे महाग, आणि निकाल रोल धुतल्यावर. मार्गदर्शक पुस्तकेही इंग्रजीत होती. थॉमस गे, आयझॅक किहिमकर आणि पुनेथा यांचे भारतातल्या सामान्य फुलपाखरांचे पुस्तक १९९२ साली आले, किहिमकरांचा मोठा ग्रंथ २००८ साली. डिजिटल कॅमेऱ्याने रोलचा खर्च संपवला. त्याच सुमारास, २००८ साली, इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल आणि कॅलिफोर्नियात आयनॅचरलिस्ट ही संकेतस्थळे सुरू झाली. फोटो, ठिकाण आणि तारीख एकत्र ठेवून दूरच्या जाणकाराकडून ओळख मिळवण्याची वाट त्यातून खुली झाली.

शेतीनेही तीच वाट धरली. सोयाबीनवरच्या पाने खाणाऱ्या अळ्यांनी २००८ साली केलेल्या नुकसानीनंतर राज्यात क्रॉपसॅप हा कीड सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि बांधावरून तज्ज्ञाला फोटो पाठवणे नेहमीचे झाले. मे २०१८ मध्ये कर्नाटकात प्रथम आढळलेली अमेरिकन लष्करी अळी त्याच वर्षी महाराष्ट्रात पोहोचली, तेव्हा या सवयीचा कस लागला. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीजवळ चौकोनात चार काळे ठिपके, एवढ्या दोन खुणा स्पष्ट आल्या की मक्याच्या पोंग्यातल्या अळीची ओळख फोटोवरून पक्की होते. २०१८ सालीच जालन्यात रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली. तुती लावणारे शेतकरी रेशीम अळीवर अंडी घालणारी उझी माशी आता नेमकी ओळखतात.

सगळे किडे इतके सरळ नसतात. काटेसावरीची बोंडे फुटून कापूस उडू लागला की झाडाखाली तांबड्या ढेकणांचे थवे जमतात. त्यांतच त्यांना सोंडेने टोचून खाणारा, तितकाच तांबडा दुसरा ढेकूण असतो. एका फोटोत दोघे एकाच जातीचे वाटतात, खाण्याची रीत पाहिली की फरक कळतो. रुईवर वाढणारे केशरी बिबळ्या फुलपाखरू आणि त्याची नक्कल करणारी एक मादी यांचेही तसेच. मागच्या पंखाच्या मधोमध काळे ठिपके असतील तर ते अस्सल बिबळ्या, नसतील तर नकलाकार. म्हणून अनुभवी छायाचित्रकार एकाच किड्याचे वरून, बाजूने, समोरून असे तीन-चार फोटो घेतात, पंखांची खालची बाजू टिपतात आणि झाडाच्या पानाचा वेगळा फोटो काढून ठेवतात. वेळ सकाळी सात ते नऊची. गारठलेला किडा तेव्हा जागचा हलत नाही आणि ऊनही तिरपे असते.

२०१७ पासून आयनॅचरलिस्टवर संगणक स्वतःहून नावे सुचवू लागला. हे साधन उपयोगी आहे, पण ज्या प्रदेशातले फोटो जास्त त्या प्रदेशाकडे त्याचा कल झुकतो. सह्याद्रीच्या तुलनेत मराठवाड्याच्या नोंदी विरळ आहेत. गांधीलमाश्या, छोट्या माश्या, बारीक भुंगेरे यांच्या बाबतीत प्रजातीपर्यंत, म्हणजे जातीच्या वरच्या पायरीपर्यंत, येऊन थांबणे हेच प्रामाणिकपणाचे असते.

ओळखी बदलतातही, आणि हे किड्यांपुरते मर्यादित नाही. माळावर चैत्र-वैशाखात दगडावर बसून गळ्याखालची निळी-काळी-केशरी झालर पंख्यासारखी उघडणारे सरडे पूर्वी सिटाना या एकाच प्रजातीत मोडत. २०१६ साली संशोधकांनी त्यांतले काही वेगळे काढून नव्या प्रजातीला चक्क ‘सरडा’ हे मराठी नाव दिले. जुन्या फोटोंखालची नावे त्यामुळे पुन्हा तपासावी लागतात, आणि मूळ फोटोत झालर पूर्ण उघडलेली नसेल तर ते काम अवघड होते.

वैशाखात पारा चाळिशीपार गेला की हा हंगाम ओसरतो. चतुर आणि टाचण्या घाणेवाडी जलाशयासारख्या टिकलेल्या पाण्याच्या काठाला चिकटून राहतात, बाकी किडे भेगांत, सालींखाली, कोषांत जातात. पहिल्या पावसानंतर ओल्या मातीवर मखमली तांबडा मृगाचा किडा बाहेर पडतो. फोटो मोठा करून पाय मोजले तर ते आठ भरतात, म्हणजे नावात किडा असला तरी तो कोळ्यांच्या गोतातला निघतो.