शावियेर म्हणावे की झेवियर?

बाळाच्या नावावरून घरात मतभेद होणे ही फार जुनी गोष्ट आहे. संत लूकच्या शुभवर्तमानात जखऱ्याच्या घरी हेच घडले. शेजारीपाजारी व सोयरे मुलाला बापाचेच नाव ठेवू पाहत होते. आई एलिझाबेथ ते मान्य करीना. अखेर वाचा गेलेल्या बापाने पाटीवर योहान हे नाव लिहून दिले आणि वाद मिटला. अलीकडे मात्र आमच्या पाहण्यात निराळाच वाद येऊ लागला आहे. नाव सर्वांना मान्य असते. तंटा असतो तो उच्चाराचा. हा वाद पाटीवर लिहून मिटत नाही, कारण लिहिलेले एकच नाव चार माणसे चार प्रकारे वाचतात.

उदाहरणार्थ, आमच्या लोकांचे आवडते शावियेर हे नाव घ्या. आजी गोव्याकडची, तिच्या तोंडी 'शावियेर'. इंग्रजी शाळेत शिकलेली सून 'झेवियर' म्हणते. मुंबईस नोकरीला असलेला काका सुट्टीत येऊन 'एक्झेवियर' हाच शुद्ध उच्चार असे बजावतो. चार दिवस सारे थट्टेवारी चालते. मग कोणीतरी आजीला म्हणते, "तुम्हांला नीट म्हणता येत नाही, तर नाव घेऊच नका." आजी अबोला धरते. आपल्या शिक्षणाला नावे ठेवली जातात असे सुनेला वाटते. पाहता पाहता स्नानसंस्काराचा दिवस पुढे ढकलावा असा निरोप आमच्याकडे येतो.

तर मग ह्या नावाचा खरा उच्चार कोणता? ज्या संताचे हे नाव, त्याच्यापासूनच पाहू. संत फ्रान्सिस शावियेर हे ७ एप्रिल १५०६ रोजी नावार प्रांतातील एका गढीत जन्मले. शावियेर हे त्या गढीचे व गावाचे नाव. तेथील बास्क भाषेत 'एचे' म्हणजे घर व 'बेर्री' म्हणजे नवे. ह्या दोन शब्दांतून ते नाव झिजत झिजत तयार झाले. त्या काळच्या स्पॅनिश भाषेत त्याचे पहिले अक्षर 'श' असे उच्चारीत. पोर्तुगीज भाषेने तो 'श' आजवर जपला आहे, आणि १५४२ साली संत गोव्यास उतरले तेव्हापासून तोच आपल्या किनाऱ्यावर रुळला. पुढे खुद्द स्पेनमधील बोली बदलली; आज तेथे ह्या नावाचा उच्चार 'हाविएर' असा होतो. इंग्रजांनी आपल्या वळणाने 'झेवियर' केले. म्हणजे आजी अडाणीपणाने बोलत नाही. संतांच्या हयातीत त्यांचे नाव जसे उच्चारले जाई, त्याच्याशी तिचाच उच्चार अधिक जवळचा आहे. आणि सूनही चुकत नाही. इंग्रजीच्या वाटेने आलेले नाव ती त्या भाषेच्या रीतीने उच्चारते.

दुसऱ्या नावांचीही हीच कथा आहे. हिब्रू 'योहानान' लॅटिनमध्ये 'योहान्नेस' झाला, पोर्तुगिजांनी त्याला 'जुआंव' म्हटले, इंग्रजांनी 'जॉन', आणि आपण मराठीत 'योहान' म्हणतो. गोव्यातील जुझे, इंग्रजीतील जोसेफ व मराठी बायबलातील योसेफ हे तिघे एकच. गावोगाव फिरताना मनुष्य जशी तेथील भाकरी खातो, तसे नावही तेथील बोली घेते.

देवनागरीत लिहिले म्हणजे उच्चार पक्का झाला, असेही कोणी समजू नये. 'माझा' व 'माझी' हे दोन शब्द मोठ्याने म्हणून पाहा. अक्षर एकच, पण त्याचे ध्वनी दोन. इंग्रजी 'झेवियर'च्या आरंभी असलेला ध्वनी तर ह्या दोहोंहून वेगळा आहे. ज्या आजीच्या कानांवर तो कधी पडला नाही, तिने साठाव्या वर्षी तो अचूक काढावा हा हट्ट कशासाठी?

उच्चारावरून माणूस पारखू लागले म्हणजे काय होते, हे शास्ते ह्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात वाचावे. यार्देन नदीच्या उताराशी गिलादी लोक येणाऱ्याला एक शब्द म्हणावयास लावीत. 'शिब्बोलेथ' ऐवजी ज्याच्या तोंडून 'सिब्बोलेथ' निघे, तो एफ्राईमचा म्हणून मारला जाई. त्या लढाईत ४२,००० पडले, आणि दोन्ही पक्ष एकाच इस्राएलाची लेकरे होती. आपल्या घरांत कोणी तलवार उपसत नाही, हे खरे. परंतु म्हाताऱ्या माणसाच्या जिभेची थट्टाही जिव्हारी लागते.

तथापि एका बाबतीत शिथिलता परवडणारी नाही, आणि ती बाब म्हणजे कागदपत्र. उच्चार अनेक असोत. लेखन एकच असले पाहिजे. १ ऑक्टोबर २०२३ पासून व त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, मतदारयादी, पारपत्र इत्यादी कामांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच द्यावा लागतो. दाखल्यात एक स्पेलिंग, चर्चच्या नोंदवहीत दुसरे व शाळेत तिसरे असले, तर पुढे लग्नाच्या वा परदेशी जाण्याच्या वेळी धावपळ होते. ह्यात घाईचेही कारण नाही. जन्माची खबर २१ दिवसांत द्यावी लागते, परंतु नाव मागाहून, १२ महिन्यांच्या आत, विनाशुल्क नोंदविता येते. तेवढ्या अवधीत घरच्यांनी एकत्र बसून मराठी व इंग्रजी लेखन एकदाच ठरवावे, कागदावर लिहावे, आणि तेच सर्वत्र द्यावे.

ठरवावे कोणी, असे कोणी विचारील. स्नानसंस्काराच्या आरंभी आम्ही मुलाचे नाव आईबापांना विचारतो. काकांना किंवा शेजाऱ्यांना नव्हे. ख्रिस्ती भावनेशी विसंगत नाव ठेवू नये, एवढी काळजी आईबाप, धर्ममातापिता व धर्मगुरू ह्यांनी घ्यावी, असे १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील ८५५ वे कलम सांगते. उच्चाराविषयी ती संहिता काहीच म्हणत नाही. म्हणून लेखन व रोजच्या हाकेचा उच्चार आईबापांनी ठरवावा, वडीलधाऱ्यांनी तो मानावा. आणि आजीने आपल्या वळणाने हाक मारली, तर आईबापांनी तिला अडवू नये. दोन उच्चारांनी मूल गोंधळत नाही. कोणती हाक कोणाची, हे त्याला रांगण्याच्या वयातच कळू लागते. पुढे मोठे होऊन त्याने स्वतःच 'मला असे म्हणा' असे सांगितले, तर मात्र सर्वांनी त्याचे ऐकावे. कारण नाव त्याचे आहे.

उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो आणि ती त्याचा आवाज ओळखतात, असे प्रभूने सांगितले आहे. नाव असते ते हाक मारण्यासाठी. ज्या घरात बाळाच्या नावावरून अबोला धरला गेला असेल, त्या घरच्यांनी येत्या रविवारपूर्वी तो सोडावा. आणि ३ डिसेंबरला संतांचा सण येईल तेव्हा मुलाला जवळ घेऊन सांगावे, की तुझ्या नावाचा मूळ अर्थ 'नवे घर' असा आहे.