जुना कॅम्पर डीलरकडे देताना: ऐकीव समजुती आणि खरा हिशेब

टेक्सासमध्ये मार्च लागला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "मुलं मोठी झाली, बंक बेड पुरत नाहीत. ट्रेलर बदलायचाय. जुन्याचे डीलर किती देईल?" हा ट्रेलर, म्हणजेच कॅम्पर, पिकअपमागे जोडून न्यायचं छोटं घर. त्यात ओटा, शेगडी, फ्रीज, झोपायची जागा, संडास-बाथरूम सगळं असतं. भारतातून आलेल्या आमच्यासारख्या कुटुंबांना त्याची गोडी लागते ती मुख्यतः स्वयंपाकामुळे. बिग बेंडच्या डोंगरांत सकाळी घरचे पोहे आणि घरचा चहा मिळतो.

आम्ही हा व्यवहार दोनदा केला. पहिल्या खेपेला पैसे गमावले आणि ते गमावल्याचं वर्षभराने कळलं. तेव्हापासून जो फोन करतो त्याला मी पहिला प्रश्न विचारते, "जुन्याचं राहू दे, खिशातून एकूण किती जाणार ते सांग."

"जो जुन्याचे जास्त देईल, तो डीलर चांगला."

हा गैरसमज सगळ्यांत महाग पडतो. आमच्यासमोर दोन डीलर होते. आकडे सोयीसाठी गोल करून सांगते. पहिला म्हणाला, नवा 46,000 डॉलरला, तुमच्या जुन्याचे 18,000 देतो. दुसरा म्हणाला, तसाच नवा 39,000 ला, पण जुन्याचे 13,000 च. आम्हाला दुसऱ्याचा रागच आला, इतक्या जपलेल्या ट्रेलरची ही किंमत? आम्ही पहिल्याकडे सही केली. घरी येऊन शांतपणे वजाबाकी केली असती तर दिसलं असतं की पहिल्याकडे 28,000 जातात आणि दुसऱ्याकडे 26,000.

नव्या कॅम्परच्या काचेवर जी किंमत चिकटवलेली असते, ती सहसा कुणी पूर्ण देत नाही. तिच्यात सूट द्यायला भरपूर जागा ठेवलेली असते. डीलरला ती सूट नव्यावर दाखवता येते किंवा तेच पैसे जुन्याच्या किमतीत मिळवून 'बघा, आम्ही तुम्हाला किती चांगला भाव दिला' असंही म्हणता येतं. यात बेकायदा काही नाही. पण आपल्या हाताने राखलेल्या वस्तूचं मोल कुणी जास्त केलं की मन सुखावतं आणि गणित मागे पडतं. म्हणून आधी नव्याची किंमत जुन्याशिवाय ठरवावी, तीही कर, कागदपत्रांची फी, तयारीची फी सगळं धरून, ज्याला इथे 'आउट-द-डोअर' म्हणतात. ती लेखी हातात आली की मग जुन्याची किंमत विचारावी.

"स्वतः विकला तर नेहमी जास्तच मिळतात."

बऱ्याचदा मिळतात, नेहमी नाही. फरक राज्याप्रमाणे पडतो. टेक्सासमध्ये वाहनावरचा विक्रीकर 6.25 टक्के आहे आणि तो ट्रेड-इनची, म्हणजे डीलरकडे दिलेल्या जुन्याची, रक्कम वजा करून उरलेल्या किमतीवर लागतो. नवा ट्रेलर 45,000 चा आणि जुन्याचे 15,000 मिळाले, तर कर 30,000 वर, म्हणजे 1,875 डॉलर. जुना बाहेर विकला तर पूर्ण 45,000 वर 2,812 डॉलर 50 सेंट. म्हणजे डीलरचे 15,000 हे प्रत्यक्षात 15,937 डॉलर 50 सेंटच्या बरोबरीचे आहेत. बाहेरचा गिऱ्हाईक 15,500 देत असेल तर तो सौदा तोट्याचा.

कॅलिफोर्नियात मात्र ही वजावट नाही. तिथे कर पूर्ण किमतीवरच लागतो, जुनं दिलं काय आणि न दिलं काय. त्यामुळे ऑस्टिनच्या मित्राचा सल्ला फ्रिमाँटच्या भावाने जसाच्या तसा घेऊ नये. आपल्या राज्याच्या कर विभागाच्या संकेतस्थळावर हा नियम पाच मिनिटांत सापडतो.

"जे.डी. पॉवरच्या यादीत जो आकडा आहे, तेवढे मिळायलाच हवेत."

ही किंमत-यादी पूर्वी नाडा गाइड म्हणून ओळखली जायची. जुने लोक अजून तेच नाव घेतात. तिथे आपल्याला दिसतो तो किरकोळ विक्रीचा भाव, म्हणजे डीलरने दुरुस्त करून, धुऊनपुसून, लॉटवर, म्हणजे विक्रीच्या आवारात, उभा केल्यावर पुढचा गिऱ्हाईक साधारण काय देईल तो. डीलर आपल्याला देतो तो त्याआधीचा घाऊक भाव. मधल्या अंतरात त्याचा नफा असतो, आणि खर्चही असतो. तो गॅसच्या नळ्यांची गळती तपासतो, ब्रेक-बेअरिंग पाहतो, पाण्याच्या लाइनला दाब देतो, एसी-हीटर-फ्रीज चालवून बघतो. शिवाय ट्रेलर विकला जाईपर्यंत त्याचे पैसे अडकतात. थंडीच्या तोंडावर नेलेला ट्रेलर वसंतापर्यंत पडून राहणार हे त्याला ठाऊक असतं, म्हणून ऑक्टोबरातला भाव मार्चपेक्षा सहसा कमी असतो.

आणखी एक कारण आहे, त्यात आपला काहीच दोष नाही. कोविडच्या काळात विमानं आणि हॉटेलं टाळणाऱ्या लोकांनी कॅम्परवर उडी घेतली. 2021 साली कारखान्यांतून 6 लाखांहून जास्त आरव्ही, म्हणजे कॅम्पर आणि तशाच घरासारख्या गाड्या, बाहेर पडल्या, आजवरचा उच्चांक. 2023 साली तो आकडा सुमारे 3 लाख 13 हजारांवर आला. ज्यांनी त्या तेजीत चढ्या भावाने घेतला, ते आता जुना द्यायला जातात तेव्हा आकडा ऐकून हादरतात. तो अपमान नसतो, बाजार खाली बसलेला असतो.

"आतून चकाचक आहे, म्हणजे किंमत येणारच."

इथे थोडं थांबते, कारण कॅम्परची किंमत खरोखर कशात असते हे मला शिकायला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

आम्ही ट्रेड-इनच्या आदल्या दिवशी गाद्या धुतल्या, ओटा घासला, नळ चमकवले. डीलरचा माणूस आला तो आधी आत शिरलाच नाही. शिडी लावून सरळ छतावर गेला. मग खाली येऊन भिंतीच्या कोपऱ्यांना, खिडक्यांच्या खाली, ओल मोजायचं छोटं यंत्र टेकवत फिरला. शेवटी आत येऊन पलंगाजवळच्या जमिनीवर टाच दाबून पाहिली. दहा मिनिटांत त्याचा आकडा ठरला होता.

बहुतेक ट्रेलरच्या छतावर रबरासारखा पातळ पडदा असतो, ईपीडीएम किंवा टीपीओ. त्यात एसी, झरोके, अँटेना, संडासाच्या पाइपाचं तोंड अशी अनेक भोकं असतात आणि प्रत्येकाभोवती सीलंट भरलेलं असतं. ट्रेलर रस्त्यावर हादरतो, उन्हात फुगतो, थंडीत आकसतो. सीलंटला केसाएवढी चीर पडली की पाणी आत जातं आणि ते लगेच दिसत नाही. फायबरग्लासच्या पत्र्यामागे पातळ प्लायवूड चिकटवलेलं असतं. ते भिजलं की सांधा सुटतो आणि बाहेरून भिंतीला फुगे येतात. याला डीलॅमिनेशन म्हणतात. त्याची दुरुस्ती इतकी महाग असते की अनेक डीलर असा ट्रेलर लॉटवर ठेवतच नाहीत, थेट लिलावात पाठवतात.

कोकणात माझे आजोबा मे महिन्यात माणूस बोलावून घराची कौलं परतवून घ्यायचे, पहिल्या पावसाची वाट बघत बसायचे नाहीत. कॅम्परलाही हेच हवं. दर तीन-चार महिन्यांनी छतावर जाऊन प्रत्येक भोकाच्या कडा हाताने चाचपायच्या, चीर दिसली तर छताच्या जातीला चालणारं सेल्फ-लेव्हलिंग सीलंट भरायचं. स्वयंपाकघरातलं सिलिकॉन तिथे वापरू नका, कारण पुढे त्यावर दुसरं सीलंट नीट धरत नाही. आणि प्रत्येक वेळी तारखेसह फोटो काढून ठेवा. दुसऱ्या ट्रेलरच्या वेळी आमच्याकडे चार वर्षांचे असे फोटो होते. डीलरच्या माणसाने ते एक एक करून पाहिले आणि ओलीच्या संशयापोटी एक डॉलरही कापला नाही.

वासाचंही सांगते. सिगारेट आणि पाळीव प्राण्यांच्या वासाने भाव पडतो हे सगळे जाणतात. तळणाचा आणि फोडणीचा वासही पडद्यांत, गाद्यांत मुरतो, आपल्या नाकाला तो जाणवत नाही इतकंच. आम्ही आता फोडणी बाहेरच्या शेगडीवर करतो.

सोलर पॅनल, लिथियम बॅटऱ्या, भारी नळ यांचे पैसे ट्रेड-इनमध्ये जवळजवळ वसूल होत नाहीत. बॅटऱ्या पुढच्या ट्रेलरला चालणार असतील तर डीलर पाहायला येण्याआधीच काढून जुन्या साध्या लावाव्यात. भाव ठरल्यावर काढल्या तर ती फसवणूक होते. टायरची झीज पाहून खूश होऊ नका, त्याचं वय पाहा. बाजूवर DOT या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा.

"लोन बाकी असलं तरी काय, डीलर फेडून टाकतो."

फेडतो, आपल्याच पैशांनी. कॅम्परची लोनं 15 वर्षांची, कधी 20 वर्षांचीही असतात आणि सुरुवातीची वर्षं व्याजातच जातात. 40,000 डॉलरचं लोन, 8 टक्के व्याज, 15 वर्षं, तर हप्ता सुमारे 382 डॉलर. तीन वर्षांत आपण जवळपास 13,760 डॉलर भरतो आणि तरीही सुमारे 35,300 बाकी असतात. डीलरने जुन्याचे 24,000 दिले तर मधले 11,300 कुठे जातात? नव्या लोनमध्ये. म्हणजे जो ट्रेलर आता आपला नाही, त्याचे हप्ते पुढची पंधरा वर्षं भरत राहायचं, व्याजासकट. मराठी घरांत कर्जाची भीती पुष्कळ असते, पण 'हप्ता फक्त इतकाच' ऐकल्यावर ती भीती झोपी जाते, हे मी जवळच्या माणसांत पाहिलंय आणि त्याचं वाईट वाटतं. शक्य असेल तर बाकी आणि किंमत जुळेपर्यंत जुनाच ट्रेलर वापरावा.

डीलरकडे जाण्याआधी बँकेकडून 10 दिवसांचा पे-ऑफ आकडा, म्हणजे तोवर लोन पूर्ण फेडायला लागणारी रक्कम, लेखी मागवा. आणि डीलरने 'आम्ही भरू' म्हटलं तरी जुनं खातं शून्य झाल्याचं बँकेकडून कळेपर्यंत हप्ता चुकवू नका. उशीर डीलरचा झाला तरी डाग आपल्या क्रेडिटवर लागतो.

"पटलं नाही तर तीन दिवसांत परत करता येतं."

नाही. फेडरल ट्रेड कमिशनचा तीन दिवसांचा 'कूलिंग-ऑफ' नियम आहे, पण तो मुख्यतः दारावर येऊन केलेल्या विक्रीसाठी. डीलरच्या जागेवर जाऊन केलेल्या खरेदीला तो लागू होत नाही. परतीची मुभा हवी असेल तर ती करारात लिहून घ्यावी लागते. शिवाय तोवर आपला जुना ट्रेलर विकलाही गेलेला असू शकतो.

सह्या झाल्यावर एक काम लोक विसरतात. टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, आपण सही केली, तरी नव्या मालकाच्या नावावर नोंद होईपर्यंत सरकारी दप्तरात नाव आपलंच असतं. टेक्सासमध्ये गाडी विकल्याची सूचना 30 दिवसांच्या आत मोटार विभागाला ऑनलाइन देता येते, कॅलिफोर्नियात ती 5 दिवसांत द्यावी लागते. मी ती डीलरच्या पार्किंगमध्येच, फोनवरून, नवा ट्रेलर पिकअपला जोडला जात असताना भरली.