पेसमेकरला कुलूप, पण किल्ली कोणाकडे?

नॉर्वेच्या मारी मो या संगणक सुरक्षेच्या संशोधक. दुसऱ्यांच्या यंत्रणांमध्ये भगदाडे कुठे आहेत, हे शोधणे हाच त्यांचा व्यवसाय. २०११ मध्ये एके दिवशी त्या घरातच अचानक कोसळल्या. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून निघालेला विद्युतसंदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचत नव्हता, म्हणून तातडीने पेसमेकर बसवावा लागला. प्रकृती सावरल्यावर त्यांनी सवयीने एक काम केले. छातीत बसवलेल्या यंत्राची तांत्रिक माहितीपुस्तिका शोधून ती वाचून काढली. तेव्हा त्यांच्या लक्षात आले, की या यंत्राला बिनतारी बोलण्याचे एक नव्हे, दोन मार्ग आहेत. एक दवाखान्यात अगदी जवळून सेटिंग बदलण्याचा आणि दुसरा घरात ठेवलेल्या उपकरणामार्फत रुग्णालयाला माहिती पाठवण्याचा.

त्यानंतर लंडनला गेल्या असताना भुयारी रेल्वेच्या कॉव्हेंट गार्डन स्थानकाचा जिना चढताना त्यांची शक्तीच गेली, पाऊल पुढे टाकवेना. कारण पुढे सापडले. ठोके मिनिटाला १६० झाले, की पेसमेकर ते एकदम निम्म्यावर आणत होता. ही मर्यादा वयस्क रुग्णाला चालली असती, त्यांच्यासारख्या तरुण स्त्रीला नाही. पण दोष लवकर सापडेना, कारण सेटिंग तपासण्याच्या यंत्राच्या पडद्यावर वेगळेच आकडे दिसत होते. तिथल्या सॉफ्टवेअरमध्येच चूक होती. इथे हॅकर वगैरे कोणी नव्हता, तरीही हृदय मध्येच मंदावले. मग कोणी मुद्दाम ही सेटिंग बदलली तर?

हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. घराला कुलूप लावायचे आणि किल्ली आपल्याकडे ठेवायची, हा हिशेब इथे चालत नाही. समजा, नागपूरचे एक आजोबा लेकीकडे रत्नागिरीला आले आहेत आणि तिथे त्यांना चक्कर येऊन ते बेशुद्ध पडले. पेसमेकर काय करतो आहे, त्याने काय नोंदले आहे, हे तिथल्या डॉक्टरला त्याच मिनिटाला बघायला हवे. पासवर्ड नागपूरच्या डॉक्टरकडे, आजोबा बेशुद्ध, लेकीला काहीच माहीत नाही. अशा वेळी पक्के कुलूपच जीव घेऊ शकते. म्हणजे दार असे हवे, की जे किल्ली नसलेल्या अनोळखी डॉक्टरला उघडेल आणि किल्ली नसलेल्या अनोळखी भामट्याला उघडणार नाही. संगणकशास्त्राच्या नेहमीच्या युक्त्या इथे अडखळतात. म्हणूनच गेल्या काही वर्षांत या प्रश्नाची उत्तरे भौतिकशास्त्रात शोधली जात आहेत.

सर्वांत जुने उत्तर म्हणजे साधे लोहचुंबक. अनेक पेसमेकरवर बाहेरून, त्वचेवर चुंबक ठेवला, की यंत्र हृदयाचे ऐकणे सोडून ठरावीक गतीने ठोके देऊ लागते. धोकादायक ठोके ओळखून आतून शॉक देणारे जे यंत्र असते, त्याला आयसीडी म्हणतात. चुंबक ठेवला, की त्याचे शॉक देणे थांबते. चुंबक काढला, की पूर्ववत. शस्त्रक्रियागृहात ही युक्ती वर्षानुवर्षे वापरात आहे. यात पासवर्ड नाही, अट एकच: माणूस हाताच्या अंतरावर हवा. चुंबकाचे बल अंतराबरोबर इतक्या झपाट्याने घटते, की खोलीच्या दुसऱ्या टोकाहून कोणी काही करू शकत नाही. अंतर हीच किल्ली! अर्थात तिलाही फसगत आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये दाखवून दिले, की आयफोन १२ मधले चुंबकही छातीजवळ आणले तर आयसीडीचे शॉक थांबवू शकतात. मोबाइल शर्टाच्या खिशात ठेवू नका, यंत्रापासून किमान १५ सेंटिमीटर लांब ठेवा, हा सल्ला त्यासाठीच.

चुंबक फक्त ‘थांब’ एवढेच सांगू शकतो. माहिती वाचायची, सेटिंग बदलायची, तर रेडिओलहरी लागतात. १९५८ मध्ये स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांना जगातला पहिला पूर्णपणे शरीरात बसवलेला पेसमेकर लावला, तेव्हा तो काही तासच चालला. लार्सन पुढे वीसहून अधिक पेसमेकर बदलत २००१ पर्यंत जगले. या काळात यंत्रे लहान झाली, टिकाऊ झाली आणि बोलायला शिकली. १९९९ मध्ये अमेरिकेने शरीरातील उपकरणांसाठी ४०२ ते ४०५ मेगाहर्ट्झ हा पट्टा राखून ठेवला. हाच का? शरीर म्हणजे बव्हंशी खारट पाणी. वारंवारिता फार वाढवली, तर लहरी पाणी शोषून घेते. फार कमी केली, तर अँटेना मोठी लागते. या पट्ट्यात हवेतली तरंगलांबी साधारण ७४ सेंटिमीटर असते, पण स्नायूंमध्ये लहरींचा वेग मंदावतो आणि ती सुमारे १० सेंटिमीटरवर येते. त्यामुळे बोटभर अँटेनाही भागवते. मॅक्सवेलने १८६५ मध्ये मांडलेल्या समीकरणांतून हा हिशेब कागदावर करता येतो.

या पट्ट्यात बोलण्याची शक्ती मात्र जेमतेम २५ मायक्रोवॉटपुरती मर्यादित आहे. ब्लूटूथच्या नेहमीच्या छोट्या उपकरणांना मुभा असते, त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकी. यंत्र इतके हळू कुजबुजते, तर लांबचे कोण ऐकणार, असे बराच काळ गृहीत धरले गेले. पण चांगली अँटेना असलेल्याला कुजबूजही ऐकू येते. शिवाय यंत्राला हुकूम सोडणाऱ्या भामट्याला २५ मायक्रोवॉटचा नियम पाळायची काय गरज? तो हवे तेवढे ओरडू शकतो.

२००८ मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि वॉशिंग्टन या विद्यापीठांतील संगणकशास्त्रज्ञांनी बोस्टनच्या हृदयरोगतज्ज्ञाला सोबत घेऊन हे प्रत्यक्ष करून दाखवले. केविन फू, तादायोशी कोनो आणि डॉ. विल्यम मेझेल ही त्यातली प्रमुख नावे. त्यांनी २००३ मधली एक आयसीडी घेतली आणि सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या रेडिओने तिचे बोलणे ऐकले. रुग्णाची माहिती त्यात उघडी वाचता येत होती. इतकेच नव्हे, तर उपचाराच्या सेटिंग्ज बदलता आल्या आणि शॉक देण्याचा हुकूमही सोडता आला. प्रयोग माणसावर नव्हता, अंतरही काही सेंटिमीटरच होते. शरीराची नक्कल म्हणून त्यांनी डुकराचे आणि गाईचे मांस वापरले, कारण रेडिओलहरींच्या दृष्टीने त्यात आणि आपल्या छातीत फारसा फरक नाही. याच गटाने बॅटरी न वापरता धोक्याची सूचना देणारा एक छोटा भागही बनवला. बाहेरून येणाऱ्या रेडिओलहरींची ऊर्जा शोषूनच तो बीप वाजवतो, म्हणजे चोराच्याच टॉर्चने घंटी वाजावी तसे. बॅटरी वाचवण्यावर एवढा कटाक्ष का, तर ती संपली, की पुन्हा शस्त्रक्रिया. नुसते वारंवार ‘कोण आहे?’ असे विचारायला लावूनही भामटा या यंत्राचे आयुष्य कमी करू शकतो.

मग संदेश सांकेतिक करून का पाठवत नाहीत? नव्या यंत्रांत ते येते आहे. पण लाखो जुनी यंत्रे लोकांच्या छातीत आधीच बसली आहेत आणि रत्नागिरीच्या डॉक्टरचा प्रश्न उरतोच. यावर २०११ मध्ये एमआयटीतून आलेले उत्तर मला या सगळ्या संशोधनात सर्वांत देखणे वाटते. ते मांडणारे श्याम गोल्लकोटा आयआयटी मद्रासमधून तिकडे गेले होते. दिना कताबी, केविन फू आणि इतर सहकारी त्यांच्यासोबत होते. या प्रबंधाला त्या वर्षीच्या ‘सिगकॉम’ परिषदेत सर्वोत्तम शोधनिबंधाचा मान मिळाला.

कल्पना अशी: यंत्राला हातच लावायचा नाही. रुग्णाने गळ्यात एक ढाल घालायची. पेसमेकर बोलू लागला, की ढाल त्याच पट्ट्यात मुद्दाम गोंगाट करते. आजूबाजूच्या कोणालाही फक्त खरखर ऐकू येते. नाणे उडवून शून्य की एक हे ठरवावे, इतपतच अंदाज त्याला बांधता येतो. पण मग ढालीला स्वतःला कसे ऐकू येते? तिला दोन अँटेना असतात. एक गोंगाट करते, दुसरी ऐकते. ऐकणाऱ्या अँटेनाला तारेतून त्याच गोंगाटाची उलटी लहर दिली जाते. तळ्यात एका लाटेचा उंचवटा आणि दुसरीचा खळगा एकाच जागी आला, की पाणी सपाट राहते, तसे त्या एका अँटेनापाशी गोंगाट स्वतःला पुसून टाकतो आणि पेसमेकरची कुजबूज उरते. इतर कुठेही हे जुळत नाही, कारण तिथे अंतरे वेगळी. गोंगाट दर वेळी नवा आणि यादृच्छिक असतो, त्यामुळे त्याची उलटी लहर ढालीशिवाय कोणाला बनवताही येत नाही.

एकाच वेळी बोलणे आणि ऐकणे याचे जे प्रयोग त्याआधी झाले होते, त्यांत दोन अँटेना अर्ध्या तरंगलांबीने दूर ठेवाव्या लागत. या पट्ट्यात ते अंतर ३७ सेंटिमीटरच्या आसपास जाते. एवढे लांब लोढणे गळ्यात कोण घालणार? या गटाने दोन्ही अँटेना शेजारी शेजारी बसवून दाखवल्या. बाहेरून कोणी परवानगीशिवाय हुकूम पाठवू लागले, तर हुकुमाच्या सुरुवातीला असलेला यंत्राचा क्रमांक ऐकताच ढाल तोही गोंगाटाने झाकून टाकते. शंभरपट शक्ती लावणारा कोणी जवळून आला, तर तो यशस्वी होऊ शकतो, पण ढाल निदान सावध तरी करते. रुग्णाचे नेहमीचे डॉक्टर ढालीशी सांकेतिक भाषेत बोलतात. आणि आणीबाणीत? ढाल गळ्यातून काढून बाजूला ठेवायची. दार उघडे!

माझी शंका एवढीच, की कानाचे यंत्रही टेबलावर विसरणारे आजोबा ही ढाल रोज घालतील का? प्रयोगशाळेत हा प्रश्न येत नाही.

दोन वर्षांनी, २०१३ मध्ये, आणखी एक कल्पना पुढे आली: हृदयालाच पासवर्ड करायचा. दोन ठोक्यांमधला काळ दर वेळी थोडा कमीजास्त होतो. त्या सूक्ष्म फरकांत बरीच यादृच्छिकता असते. डॉक्टरने त्वचेला यंत्र टेकवले, की ते नाडी मोजते आणि पेसमेकर आतून तीच मोजतो. दोघांचे आकडे जुळले, की दार उघडते. स्पर्श केल्याशिवाय हे आकडे कोणाला मिळणार, असा त्यामागचा तर्क होता. पण एमआयटीतल्याच दुसऱ्या गटाने २०१२ मध्ये साध्या व्हिडिओवरून चेहऱ्याच्या रंगातले डोळ्यांना न दिसणारे बदल मोठे करून नाडी दाखवली होती. पुढे संशोधकांनी कॅमेऱ्याने नाडी मोजून या पासवर्डवर हल्ले करता येतात हेही मांडले. जे गुपित गालावर दिसते, ते गुपित कसले?

एव्हाना हे सगळे प्रयोगशाळेपुरते राहिले नव्हते. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष डिक चेनी यांनी २०१३ मध्ये सांगितले, की २००७ मध्ये यंत्र बदलताना त्यांच्या डॉक्टरांनी त्याची बिनतारी सोय बंद करून घेतली होती. मग ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, सेंट ज्यूड कंपनीच्या (आता अ‍ॅबॉट) काही पेसमेकरच्या सॉफ्टवेअर दुरुस्तीला मंजुरी दिली. एकट्या अमेरिकेत अशी सुमारे ४ लाख ६५ हजार यंत्रे लोकांच्या छातीत होती. शस्त्रक्रिया नको होती, पण दवाखान्यात जावे लागणार होते. दुरुस्तीला तीनेक मिनिटे लागत आणि तेवढा वेळ पेसमेकर मिनिटाला ६७ ठोक्यांच्या राखीव गतीवर चाले. कंपनीच्या आधीच्या अनुभवावरून यंत्र पूर्ण बंद पडण्याची शक्यता ०.००३ टक्के धरली होती. ऐकायला नगण्य, पण ४ लाख ६५ हजारांशी गुणले, तर साधारण १४ माणसे होतात. दुसऱ्या बाजूला, या त्रुटीचा गैरफायदा घेऊन कोणा रुग्णाला इजा झाल्याची एकही नोंद एफडीएकडे नव्हती. न घडलेल्या हल्ल्यापासून बचाव करायचा, तर छोटासा खराखुरा धोका पत्करायचा. एफडीएने सरसकट हुकूम काढला नाही, रुग्ण आणि डॉक्टरांनी बोलून ठरवावे असे सांगितले. ज्यांचे हृदय पूर्णपणे पेसमेकरवरच चालते, त्यांची दुरुस्ती बाहेरून तात्पुरता पेसमेकर लावण्याची सोय असेल तिथेच व्हावी, असेही सुचवले. मला हे शहाणपणाचे वाटते, जरी त्यामुळे अवघड निर्णय शेवटी रुग्णाच्याच पदरात पडला.

मार्च २०२३ पासून अमेरिकेत इंटरनेट किंवा अन्य जाळ्याशी जोडल्या जाणाऱ्या नव्या वैद्यकीय उपकरणाला मंजुरी मागताना, त्यातल्या सुरक्षेच्या त्रुटी कशा शोधणार आणि कशा दुरुस्त करणार, हे कंपनीला आधीच लिहून द्यावे लागते.

घरात कोणाला पेसमेकर असेल, तर हे वाचून बिनतारी सोय बंद करून घ्यायला धावू नये. घरातून डॉक्टरांकडे जाणाऱ्या नोंदींमुळे ठोक्यांतली गडबड किंवा बॅटरीची घसरण तपासणीच्या तारखेआधी कळते, हा फायदा आजच्या घडीला धोक्यापेक्षा खूप मोठा आहे. पुढच्या तपासणीला मात्र विचारावे, की आपले यंत्र कोणते, त्याच्या सॉफ्टवेअरची काही दुरुस्ती आली आहे का. आणि यंत्र बसवताना मिळालेले कार्ड कपाटातल्या फाइलमध्ये न ठेवता पाकिटात ठेवावे. प्रत्येक कंपनीच्या पेसमेकरशी बोलणारे यंत्र वेगळे असते. रत्नागिरीच्या त्या डॉक्टरचा पहिला प्रश्न हाच असेल: कंपनी कोणती?