चिंच, आंबली आणि तोंडाचं पाणी

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात नव्यानं राहायला आलेल्या अविवाहित मराठी तरुणाला शेजारच्या काकांनी 'नवरा छो?' असं विचारलं, की तो आधी लाजतो. गुजरातीत 'नवरा' म्हणजे रिकामा, मोकळा, हे त्याला मागाहून कळतं. आवाज एक, अर्थ दोन. अशा वेळी आपली लाळ आणि घाम कुणाचं ऐकतात, आवाजाचं की अर्थाचं?

गैरसमज : शरीराला फक्त आवाज कळतो.
वस्तुस्थिती : मानसशास्त्रज्ञ ग्रेगरी रॅझ्रान यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना खाता-खाता काही इंग्रजी शब्द दाखवले. पुढे नुसत्या शब्दांनीही लाळ सुटू लागली. तोंडात ठेवलेल्या कापसाचं वजन करून ती मोजली. 'अर्न' म्हणजे कलश. त्याची सवय झालेल्या तोंडाला 'कमावणे' या अर्थाच्या, तसाच उच्चार असलेल्या 'अर्न'पेक्षा 'व्हाज' म्हणजे फुलदाणी या शब्दानं जास्त पाणी सुटलं. आवाजाचा परिणाम होता, पण अर्थाचा अधिक.

गैरसमज : जो शब्द मनात बसला, तेवढ्यालाच शरीर दाद देतं.
वस्तुस्थिती : रशियात लुरिया आणि विनोग्रादोवा या मानसशास्त्रज्ञांनी 'व्हायोलिन' या शब्दाला विजेच्या झटक्याची जोड दिली. नंतर इतर वाद्यांची नावं ऐकूनही रक्तवाहिन्यांत बदल दिसले. त्यांचा हा अभ्यास १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला.

गैरसमज : अर्थाकडची ही ओढ जन्मजात असते.
वस्तुस्थिती : मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रीस यांना १९४६ मध्ये आढळलं, की आठेक वर्षांच्या मुलांची त्वचा घामाच्या रूपानं सारख्या उच्चाराच्या शब्दांना जास्त प्रतिसाद देते, तर चौदाच्या आसपास समानार्थी शब्दांचं पारडं जड होतं. अर्थाचं नातं शिकावंच लागतं. दोन्ही भाषांत वाढलेल्या बडोदेकराच्या तोंडाला 'चिंच' म्हटलं काय आणि 'आंबली' म्हटलं काय, पाणी सुटतंच. पुण्याहून कालच आलेल्या पाहुण्याला मात्र 'आंबली' ऐकून आंबील आठवेल.

गैरसमज : म्हणजे घामावरून मनातलं ओळखता येतं.
वस्तुस्थिती : भीती, राग, नवल, लाज, सगळ्यांनीच तळव्याला घाम येतो. शब्द मनाला भिडला एवढंच तो सांगतो. का भिडला, ते नाही. खोटं पकडण्यासाठी घामही मोजणारी पॉलिग्राफ चाचणी तर संमतीशिवाय करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये सेल्वी खटल्यात दिला.

'नवरा छो?' ऐकून त्या तरुणाचा तळवा ओला झाला, तर काकांनी लगेच स्थळं शोधायला लागू नये.