उन्हाचे दिवस मोजून

सकाळी ६.३०
पेणमधल्या एका बचत गटाच्या काकींचा फोन. "येतेस ना गो ताई? दहाला बाया कामावर जातील." म्हणजे बैठक आठला धरायची. गटांना उद्दिष्टं ठरवायला मदत करायची आणि ती तडीस जाईपर्यंत मागे लागायचं, हे माझं काम. एका स्वयंसेवी संस्थेतर्फे पेण आणि रोहा हे दोन तालुके माझ्याकडे आहेत. फेब्रुवारी आला की बँका, कार्यालयं, संस्था सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द असतो, मार्चअखेर. पापडवाल्या बायकांचा मार्च वेगळा असतो.

सकाळी ८
ओटीवर सतरंजी, मधोमध दप्तराची पेटी. 'उमेद' अभियान राज्यात २०११ साली सुरू झालं. त्यातली पंचसूत्री आता बायकांना तोंडपाठ आहे: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि दप्तर. तेवढ्यावर गट टिकतो, हे मी पाहिलेलं आहे. धंदा उभा राहायला मात्र आणखी काही लागतं.

भिंतीवरच्या कागदावर लिहिलेलं होतं, 'यंदा २०० किलो उडदाचे पापड'. पेणचे पापड म्हटलं की गिऱ्हाईक शोधत येतं, त्यामुळे विक्रीची धास्ती कुणाला नव्हती. 'कोण करणार' या रकान्यात लिहिलं होतं, 'सर्वजणी'. हा शब्द दिसला की मी पेन काढते. सर्वजणींचं काम म्हणजे कुणाचंच नाही.

मग हिशेबाला बसलो. गटात दहा जणी. एक बाई दिवसाला दोन किलो पिठाचे पापड लाटते, म्हणजे वीस किलो, म्हणजे दहा दिवसांत मोहीम फत्ते. "दहा जणी एका दिवशी कधी जमल्यात?" एका वहिनींनीच विचारलं. हळदी आहेत, लग्नं आहेत, कुणाच्या मुलीची दहावी. खऱ्याखुऱ्या चार-पाच जणी. आकडा वीस-पंचवीस दिवसांवर गेला, तरी मे उजाडायच्या आत बसत होता. मी विचारलं, "वाळवणार कुठे?" एकीची गच्ची आहे, आणि तिच्यावर एका वेळी पाच किलोंचेच पापड मावतात. हात दहा किलोंचे लाटणार नि गच्ची निम्म्यांनाच जागा देणार. इतका वेळ आम्ही हात मोजत होतो, अडत होतं जागेवर.

तासभर वादावादी झाली. शेवटी कागदावर तीन नावं चढली. एकीने शेजारच्या गणपतीच्या कारखान्याची गच्ची भाड्याने मिळते का ते शुक्रवारपर्यंत विचारायचं, दुसरीने उडीद आणि पापडखाराचा भाव काढायचा, तिसरीने रोज वाळलेले किलो वहीत लिहायचे. आणि २०० खोडून १२०. काकींना ते रुचलं नाही, चेहऱ्यावर दिसत होतं. गच्ची मिळाली तर वाढवू, असं ठरलं.

सकाळी ११.३०
बँक. १० लाखांपर्यंतच्या गटकर्जाला तारण मागायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, त्यावर वाद नव्हता. वाद तारखेचा होता. साहेब म्हणाले, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रक्कम टाकतो. उडीद आत्ता घ्यायचाय. तोवर गावातल्या गटांच्या ग्रामसंघाकडून थोडी रक्कम उचलायची, एवढाच मार्ग.

दुपारी १
वडखळ, नागोठणे करत रोह्याकडे. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं. तेव्हापासून किती गणपतींच्या आधी रस्ता पूर्ण व्हायचा होता, ते इथल्या कुणालाही विचारा. मुदत जाहीर करणं सोपं असतं, हे आमच्या बायकांना मला शिकवावं लागत नाही.

दुपारी ३
रोहा तालुक्यातल्या एका ग्रामसंघाची आढावा बैठक. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात देशाचे अर्थमंत्री असलेल्या चिंतामणराव देशमुखांचं बालपण रोह्यात गेलं, त्यामुळे नियोजनाशी या गावाचं नातं जुनं आहे असं मी गमतीने म्हणते. या ग्रामसंघाने वर्षारंभी चौदा उद्दिष्टं लिहिली होती. त्यातली आठ कुठल्यातरी प्रशिक्षणातून आलेली, कुणी मागितलेली नव्हती. ती काढली.

अडलेलं होतं ते नववं, 'थकबाकी शून्य'. थकबाकी बहुतेक आदिवासी वाडीवरच्या एका गटाची. सचिव वैतागून म्हणाल्या, "ताई, घराला कुलूप. हप्ता मागू कुणाकडे?" कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. हे गावात पोराटोरांना ठाऊक. तरी कर्ज देताना हप्ता मात्र दरमहाचा बांधला, कारण छापील फॉर्मवर तसाच होता. यात वाडीवरच्या बायकांचा दोष मला दिसत नाही.

बरीच कुजबुज झाली. "त्यांना सवलत, मग आम्हाला का नाही?" हा प्रश्नही रास्तच. सचिवांनीच तोड काढली: व्याज तेच, मुदत तीच, फक्त हप्ते जून ते ऑक्टोबर. भट्टीवर जाण्याआधी प्रत्येकीने एक हप्ता आगाऊ भरायचा. ठराव इतिवृत्तात गेला, सह्या-अंगठे झाले.

संध्याकाळी ७
मोबाइलवर संस्थेचा मासिक तक्ता भरला. वाडीवरच्या गटापुढे लाल खूण आली. हप्ते बदलल्याचा रकाना त्यात नाही, म्हणून शेऱ्यात लिहिलं. अर्ध्या तासात वरिष्ठांचा फोन.

"रोह्याची थकबाकी लाल कशी?"

"ठराव पाठवलाय, सर. जूनमध्ये बघा."

"जून? अहो, आढावा मार्चअखेर आहे."

"भट्ट्याही मार्चअखेर पेटलेल्याच असतात, सर."

पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग, "बरं, ठरावाचा फोटो नीट काढून पुन्हा पाठवा, वाचता येत नाही."